रकाना अकरा

जागतिक संघटनेचा अर्ज आलाय,
सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा.
वर्गणी युरोत. खाली बारीक अक्षरांत:
कमी उत्पन्नाच्या देशांना निम्मी.
निम्मी म्हणजेसुद्धा आमच्या बागवानाचा दीड महिन्याचा पगार,
हे मी पेन्सिलीनं समासात लिहिलं
आणि खोडलं.

संस्थेचं नाव: गिरणी कामगार वाचनालय व दप्तरखाना,
साखर पेठ, सोलापूर.
प्रकार: ग्रंथालय, अभिलेखागार की संग्रहालय?
एकाच चौकोनात खूण करा.
पुढच्या खोलीत सकाळचे पेपर आणि स्पर्धा परीक्षेची पोरं,
मधल्या खोलीत बंद गिरणीची चौदाशे बाडं,
जिन्याखाली एक धोटा, दोन कांड्या, भोंग्याची पितळी तोटी.
मध्ये भिंती आहेत, दारं नाहीत.
मी तिन्ही चौकोनांत खूण केली.

तापमान किती राखता?
अठरा ते वीस अंश, असं त्यांची पुस्तिका सांगते.
मे महिन्यात इथं कपाटाची कडी धरवत नाही.
लिहिलं: राखत नाही, सोसतो.
पूर आल्यास योजना काय?
पाणी चार दिवसांआड येतं, तेही रात्री दोनला.
बागवान म्हणाला, हे राहू द्या बाई,
तिकडच्यांना विनोद वाटायचा.

संग्रहाच्या भाषा: मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू.
चारच रेघा होत्या, भरल्या.
पाचवी भाषा अंगठा. ती कुठं लिहू?

रकाना अकरा:
आपल्याकडील सर्वांत मौल्यवान वस्तू. शंभर शब्द.

मागच्या गड्ड्याच्या आठवड्यात नरसूबाई गाजुल आली होती,
विड्या वळून वळून काळपटलेली बोटं पदरात गुंडाळून.
आमच्या नायनाचं नाव बघायचंय.
कशाला? पेन्शन? वारसाचा दाखला?
काही नको. नुसतं बघायचंय.

साल माहीत नव्हतं. खातं विणकाम, पाळी रात्रीची.
तीन दुपारी मी पानं उलटत राहिले
पुस्तिकेप्रमाणं सुती हातमोजे घालून,
आणि घामानं हातमोजेच भिजले.
तिला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं नावं वाचत होते,
तिचं नावांकडे लक्षच नव्हतं.
चौथ्या दुपारी म्हणाली, थांबा.
निळा ठसा. मधोमध आडवी, कोरी चीर.
धोटा लागला होता. आम्ही लहानपणी
त्या खाचेत ज्वारीचा दाणा बसवून बघायचो.

पुढं नाव होतं: लिंगू यमाजी.
नाव लिंगय्या येमूल, पण कुणा घाईतल्या कारकुनाच्या कानाला
जेवढं झेपलं तेवढं त्यानं उतरवलेलं.
आम्ही नियमानं केलेल्या वर्णानुक्रमात
हा माणूस मला जन्मात सापडला नसता.

मग तिनं आपला अंगठा
त्याच्या अंगठ्यावर टेकवला.
कलम मला पाठ आहे. मी काही बोलले नाही.
किती वेळ, ते बघितलं नाही.
बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, उगीचच.
तिनं हात उचलला तेव्हा पानावर
तंबाखूचा पुसट डाग उतरला होता.

डाग काढायचा उपाय पुस्तिकेत आहे, पान बावन्न.
उपाय चांगला आहे. त्या दूरच्या माणसांनी
मन लावून लिहिलंय सगळं, कागदावर त्यांचा जीव आहे,
वाळवीचं औषध त्यांच्याच पत्रानं कळलं मला,
म्हणून तर दरवर्षी वर्गणी भरते, कुरकुरत.
पण पान बावन्न मी उघडलं नाही.

रकाना अकरात लिहिलं:
बाड सहाशे बारा, पान चाळीस. डागासकट.
शंभरातले चौऱ्याण्णव शब्द उरले.

बागवानानं सूचीत दुरुस्ती केली,
यमाजी खोडून येमूल,
आणि आधार कोणता, असं विचारून थांबला.
लिही, म्हटलं: मुलगी. अंगठ्यावरून.
त्यानं लिहिलं, वर फुंकर मारली,
शाई वाळेपर्यंत बाड उघडंच ठेवलं.

वर्गणीचं मंगळवारच्या सभेत बघू.