दुय्यम रकाना

नंदुरबारच्या या इस्पितळात माझं टेबल तळघरात,
चादरींच्या खोलीला लागून.
वर माणसं येतात, खाली त्यांच्या फायली.
मी आजाराला आकडा लावते.

खोकला: आर शून्य पाच.
दमा: जे पंचेचाळीस.
पहिल्या रकान्याचे पैसे मिळतात,
खालच्या रकान्यांचे नाहीत,
म्हणून भारंबे सर म्हणतात, "रिकामे सोड. कोण बघतंय?"

पुस्तकाच्या शेवटी झेडची पानं आहेत, अजून करकरीत.
तिथं आजार नाहीत.
एकटं राहणं आहे, गळकं घर आहे,
काम सुटणं, धुळीत काम करणं,
दवाखाना लांब असणं.
कुणी परदेशी माणसांनी बसून हे सगळं मोजलंय,
दशांश चिन्हासकट.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं मला:
ही तर आमच्या गल्लीची शिरगणती!

सुपडाबाई हिलाल माळी, वय बावन्न,
यंदा पाचव्यांदा.
फाईल उघडली की मला शिंक येते, खरंच येते.
कागदालाही मिरचीचा खकाणा.
पथारीवर देठं खुडते ती, हंगामभर.
डॉक्टर फेगड्यांनी लाल शाईत लिहिलंय:
औषध घेत नाही.
त्यालाही आकडा आहे, झेड एक्क्याण्णव पूर्णांक एक.
टाकला. जेवायला गेले.

ती जिन्याशी बसलेली,
दम्याचा पंप कानाशी धरून हलवत होती,
नारळात पाणी आहे का बघतात तशी.
"पंप घेत नाही का हो?"
"लेस ना माय. पन एक पंप तीन महिना पुराडना पडस.
रोज एकच दाबस, रातले."

घेत नाही.
घेऊ शकत नाही.
मधे एक शब्द,
आणि पुस्तकात बत्तीस घरांचं अंतर.

खाली येऊन एक्क्याण्णव खोडलं.
एकोणसाठ पूर्णांक सहा, कमी मिळकत.
सत्तावन्न पूर्णांक दोन, धूळ.
संगणकाने पिवळी चौकट उघडली:
या नोंदींना दर नाही. पुढे जायचं?
हो.

इंग्रजी झेडला संपते. आपली मुळाक्षरं ज्ञ ला.
ज्ञ म्हणजे जाणणारा, असं शाळेत शिकवलं होतं.
जाणून काय झालं, तर फारसं काही नाही.
पंप स्वस्त झाला नाही.
पुढच्या खेपेला मात्र फेगड्यांनी निळ्या शाईत विचारलं होतं,
एक पंप किती दिवस पुरवते?
आणि खाली, स्टोअरमधून दोन द्या.

रात्रीचे साडेनऊ. भारंबे सर अजून इथंच,
तपासलेल्याच फायली पुन्हा तपासतायत.
वहिनी जाऊन तिसरं वर्ष. डबा आणत नाहीत.
त्यांची फाईल माझ्याकडे येणार नाही.
साठ पूर्णांक दोन, मी मनातल्या मनात म्हणते,
आणि दाराशी जाऊन
पोराला दोन चहा सांगते,
एकात साखर कमी.