पट

डॉक्टर कुमुद टेंभुर्णे उंचीनं कमी,
म्हणून प्रत्येक सभेआधी मी स्टँड वीतभर खाली घेतो.
सहा दिवस, नऊ भाषणं.
धंतोली, उमरेड, काटोल, कामठी,
पुन्हा धंतोली, कारण पहिल्या वेळी लाइट गेले.

एप्रिल संपत आलेला.
हॉलमध्ये दोन कूलर.
चालू ठेवले तर माईकमधून नाला वाहतो,
बंद केले तर लोक उठून जातात.
"राहू द्या सुरू," बाई म्हणतात, "मी जोरात बोलेन."
आणि जोरात बोलत नाहीत.

भाषण मला आता पाठ झालंय.
आधी आकडे. मग जीआर.
वीसच्या आत पट असेल तर शाळा
जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायची.
'मिसळायची'वर बाई थांबतात, पाण्याचा घोट घेतात.
"साखर दुधात मिसळते," म्हणतात,
"मूल अडीच किलोमीटर चालत जातं."

काटोलला इथे टाळ्या पडल्या.
उमरेडला एक मास्तर उठून बाहेर गेले,
गाडीला किक मारत राहिले. गाडी सुरू होईना.
एकेक किक माझ्या मिक्सरवर उमटत होती,
हिरवे दिवे वर, हिरवे दिवे खाली.

धंतोलीत एका साहेबांनी विचारलं,
तेरा पोरांमागे दोन शिक्षक, परवडतं का मॅडम?
बाईंनी उत्तर दिलं. चांगलंच असणार,
पण कॉर्डलेसची बॅटरी नेमकी तेव्हा संपली
आणि लोकांना नुसते ओठ दिसले.
चूक माझी.
त्यांनी पैसे कापले नाहीत. मला कापलेले चालले असते.

आमचे आजोबा कोष्टी, जुन्या वळणाचे,
कापडाला पट म्हणायचे.
मागावरून उतरून, उजेडाकडे धरून सांगायचे,
इथं पट विरळ आला रे, धागा वाढव.
विरळ आला म्हणून फाडून टाक
असं ते म्हणाल्याचं आठवत नाही.
हे बाईंना सांगावंसं सहा दिवस वाटलं.
पण साउंडवाल्यानं बोलायचं ते एवढंच:
हॅलो, वन, टू, थ्री.

शेवटची सभा पाचपावलीला.
सामान काढायला निघालो तर बाई सरळ टेम्पोत येऊन बसल्या.
"चला बारापात्रे, मीही येते. खोलीतला कूलर बिघडलाय."
तेव्हा तरी सांगायला हवं होतं
की माझं गोदाम म्हणजे खोली क्रमांक चार,
मनपा प्राथमिक शाळा, बंद पडून सात वर्षं.
मी याच खोलीत दोनदा चौथी केली.

कुलूप काढलं. बाई उंबऱ्यापाशी थबकल्या.
बास, टॉप, मॉनिटर, वायरींची वेटोळी,
मागे भिंतीवर रंगवलेले पाढे, मुलांच्या उंचीला,
म्हणजे थोडेसे त्यांच्याही.
"भाडं किती?"
"अठराशे."
"महिन्याला?"
"हौ."
पर्समधून वही काढून त्यांनी लिहून घेतलं.
मी डबे उचलत राहिलो.
काहून कोण जाणे, एरवीपेक्षा जड लागले.

त्या संध्याकाळी भाषणात नवा आकडा आला, अठराशे.
माझं नाव नाही आलं. बाई माझ्याकडे बघत होत्या,
बघायचं टाळतही होत्या.
मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, ऐकू नाही येऊन राह्यलं!
मी आवाज एक रेघ वाढवला.
अठराशे, पुन्हा, अख्ख्या पाचपावलीला ऐकू जाईल एवढा.

रात्री साडेअकराला सामान परत लावलं.
बेचा पाढा बे चोक आठपर्यंत दिसतो.
पुढचा माझ्या स्पीकरांमागे आहे.