डावीकडची खिडकी

पाथर्डी फाट्यालाच अण्णांनी पहिला ब्रेक मारला.
गाडी मी चालवत होते.
त्यांच्या पायाखाली नुसतं रबरी मॅट
आणि त्यात रुतलेली उजवी टाच.

एसटीतून रिटायर होऊन आठवा महिना.
ड्रायव्हरच्या शेजारी बसायची सवय नाही त्यांना.
विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव
ही गावं आहेत असं ते सांगत नाहीत.
सांगतात, इथं तिसरा टाक.
इथं संध्याकाळी गुरं आडवी येतात.
इथं एक बाई चढायची, दुधाची किटली घेऊन,
सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी रोज भांडायची,
मग एक दिवस चढलीच नाही.

मागे हेमराजच्या पोटात ढवळतंय.
रेवा काचेवर वाफ सोडून मासा काढते,
मासा विरतो, ती पुन्हा काढते.
आईनं मांडीवरचा डबा
दोन्ही हातांनी असा धरलाय
जसं काही त्यालाच स्टिअरिंग आहे.

घोटी मागे पडलं.
भात पोटरीला आलेला, बांधावर माणूस नाही,
भाद्रपदातला दमलेला पाऊस
यावं की जाऊ, असा.
भावलीच्या धरणात
डोंगर गुडघाभर पाण्यात उभे होते,
धुणं टाकून गप्पा मारणाऱ्या बायांसारखे.

वळण घेतलं आणि
अख्खा कडा पांढरा होऊन खाली येत होता.
काचेवर तुषार. मी वायपर लावला, मग बंद केला.

अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले.
उतरले. चप्पल हातात घेतली, का कुणास ठाऊक.
कणसं भाजणाऱ्या पोराला विचारलं,
"हा कधीपासून आहे?"

पोरगा हसला. "आज्याच्या आधीपासून असंल."

अण्णा हसले नाहीत.
"सहा वर्षं ही ड्यूटी होती माझी," ते म्हणाले,
मला नाही, कणसाच्या शेगडीला.
"रोजच्या दोन फेऱ्या.
समोर बघायचं. फार तर आरशात."

तेव्हा आई बोलली,
कणसाला लिंबू चोळता चोळता, मान वर न करता :
"मी सांगितलं होतं तुम्हाला.
सुलभाच्या पोरीच्या बारशाला तुमच्याच गाडीनं आले होते.
तिसरं बाक, डावीकडची खिडकी.
रात्री जेवताना म्हटलं, केवढं पाणी पडतं हो तिथं.
तुम्ही म्हणालात, मीठ दे."

पाणी पडत होतं.
हेमराजनं उगाच मोबाईल काढला, ठेवला.
अण्णांनी कणसाचे दोन दाणे सोलले
आणि हातातच धरून ठेवले.

निघताना त्यांनी पुढचं दार उघडलं
आणि आईला म्हणाले, "तू बस."
तिला पट्टा लावता येईना. तो त्यांनी लावून दिला,
दोनदा ओढून बघितला, जसा टायर बघायचे.

मग वैतरणेच्या कडेनं सगळा रस्ता
मागून आवाज येत राहिला :
बगळा. आणखी एक.
ते बघ, ते, पिवळं काय आहे गं त्या उतारावर?
"सोनकी," आई पुढून म्हणाली.
रेवा फुगून बसली. खिडकी तिची होती.

त्र्यंबकला धुकं इतकं
की देवळाचा कळसही आहे असं धरून चालावं लागलं.
बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी
गाडीतच खाल्ली, बोनेटची ऊब पायांना घेत.
अण्णांनी मीठ मागितलं नाही.
आईनं न मागता दिलं.

सातपूरच्या सिग्नलला अंधार पडला होता.
मागे सगळे पेंगलेले, अण्णांचं कपाळ काचेला,
काचेवर अर्धा मासा.
फक्त रेवा जागी.
तिनं रिकाम्या डब्यावर चमचा मारला,
ठण. ठण.

आरशात मला दिसलं :
झोपेतच अण्णांचा डावा पाय हळू वर आला,
उजवा हळू खाली गेला.

सिग्नल अजून लाल होता.