बांगडीत पाच

होडी विकली त्या साली जाळी तेवढी मागे राहिली,
पडवीच्या वाशाला टांगलेली.
तिचे शिशाचे मणी मीच कापून काढले,
विळीवर दोरा ताणून, एकेक.
अठरा वर्षं बुडायचंच काम केलेलं हे शिसं,
आता मामंजी त्याला उडायला शिकवणार.

मामंजी म्हणजे लवू घाडी. पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे.
परवाना डुकरांसाठी, रायफल त्यांच्याहून थोरली.
एक बार झाला की अख्खी वाडी दचकायची.
गेल्या मार्गशीर्षात जैबुनकाकींची म्हैस अशी धसकली
की दोन दिवस पान्हा सोडीना.
काकी भांडायला आल्या नाहीत.
रिकामी चरवी आमच्या पायरीवर उपडी ठेवून गेल्या.

तेव्हापासून हे.
"आवाजापेक्षा हळू जाणारी गोळी होयी," मामंजी म्हणाले,
जशी शुक्रवारच्या बाजारात मिळते.

मागच्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून,
शिसं वितळायचं. वरची मळी काढली
की खाली आरसा; त्यात माड थरथरायचा.
साच्यातून पडलेल्या गोळ्या निवल्या
की सोनाराच्या जुन्या काट्यावर.
जिच्या पोटात हवा राहिली ती गुंजभर हलकी भरते,
दिसायला मात्र तशीच, गुळगुळीत.
"हिका परत टाक."
परत कढईत.
मग मेण आणि मुठेल. तेच मुठेल,
जे मी रात्री टाचांच्या भेगांत भरते.

दारू ते स्वतः मोजत. तेव्हा कुणी बोलायचं नाही,
कोंबडीनेसुद्धा.

पहाटे मतलई पडते आणि खारा वारा उठायचा असतो,
त्या मधल्या अर्ध्या तासात
बंद पडलेली चिरेखाण, तीन बाजूंना जांभा,
पन्नास पावलांवर वाळूचं पोतं,
त्यावर लग्नपत्रिकेची कोरी पाठ,
मधोमध माझ्या करंड्यातलं कुंकू.

पहिल्या दिवशी पाच भोकं
निवडताना सांडलेल्या तांदळासारखी.
एक तर आडवी शिरलेली, किल्लीच्या भोकासारखी,
वाटेत कोलांटी खाऊन आलेली.
पातेल्याचं झाकण ठेवलं, तरी एक बाहेर.
मामंजींनी नळी पुसली, चिंधीवर शिशाची राख निघाली.
घरी येईपर्यंत बोलले नाहीत.
वहीत मी लिहिलं: वारा नाही. नेम नाही.

असे अकरा दिवस. झाकणातून ताटली,
ताटलीतून वाटी.
एकदा परत ताटली.

बाराव्या दिवशी बार असा,
की कुणी देवघरात पाट आपटावा.
आणि मग, वेगळाच, पोत्यात: थप्.
मी पहिल्यांदा दोन आवाज ऐकले.
पाचव्यानंतर धावत गेले, हातातली हिरवी बांगडी काढली,
कागदावर ठेवली.
पाचही आत. काचेला न शिवता.

परतताना विचारलं,
"म्हणजे डुकराक आधी आवाज जातलो, गोळी मागसून?"
मामंजी थांबले. खांद्यावरचा पट्टा सारखा केला.
"व्हय. पण तितक्यात तो मान फिरवूचो नाय."

कळून उपयोग नाही, तरी कळेल खरं.
मला गोष्टी नेहमी लागल्यानंतर ऐकू आल्या.
होडीसुद्धा.
दोर सोडवून नेला, खुंटावर नुसता वळ राहिला,
मग ह्यांनी जेवताना सांगितलं,
मीठ मागावं तसं.

संध्याकाळी चरवी द्यायला गेले.
जैबुनकाकी शेण काढत होत्या.
"आज खाणीवर गेला नाय तुझो सासरो?"
गेला होता, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे.
ती डोळे मिटून रवंथ करत होती.

रात्री वही उघडली. बांगडीला आतून
शिशाचा करडा डाग लागलेला, पुसला तरी जाईना.
मामंजींनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
आकड्यांच्या खाली, जपून, एकच ओळ लिहिली:
म्हैस – शांत.