दोन बोटं जास्त

मे संपत आला की कन्नमवार नगरात
माझ्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग.
कापड शाळेनं ठरवलेलं, निळ्या चौकड्यांचं,
पहिल्या धुण्यात दोन बोटं आटणारं.
मी आधीच सोडते दोन बोटं जास्त.

गळ्यात टेप. दोन टाचण्या ओठांत असल्या तरी
त्या काढून हातात घेते आणि विचारते,
"टेप लावू का?"

आया हसतात. "त्याला काय विचारायचं? लावा!"
मी थांबते.
मान हलेपर्यंत थांबते.
मग कंडक्टरनं स्टॉप पुकारावेत तशी सांगत जाते,
आता खांदा. आता बाही.
आता छाती, शर्टावरूनच.
हाफ पँटच्या उंचीला टेपचं वरचं टोक
ज्याचं त्याच्या हातात.
"तू धर कमरेला, मी बसते गुडघ्याशी."

परवा प्रणीत गमरे, वय सहा,
दोन्ही हात काखेत खुपसून उभा.
"नको."
आईनं दंड धरला, "शाळेत उघडा जाणारेस का?"
म्हटलं, गमरेबाई, सोडा त्याला.
घरून जुना शर्ट आणा, शर्ट काही लाजत नाही.
धावत गेला तोच, धावत आला,
टेबलावर शर्ट पसरून बटणं लावली,
सुरकुती तळहातानं सपाट केली, मास्तरसारखी.
मी आकडे बोलले, त्यानं वहीत लिहिले.
सात उलटा.

मला कुणी विचारलं नव्हतं.
नाक्यावरचं दुकान, फुलाफुलांचा पडदा,
आणि एका फ्रॉकला लागतं
त्याहून बराच जास्त वेळ चाललेलं माप.
दिवाळीला आई म्हणाली, काय छान बसलाय गं.
खरंच छान बसला होता.
एवढ्यावरच अडलं सगळं,
पुढचं वाक्य आजवर शिवून झालं नाही.

म्हणून निशीला अंघोळीच्या वेळी
शरीराची नावं सांगायला घेतली.
कोपर, घोटा, बेंबी, आणि तीही,
कोपर म्हणावं तशीच, ठरवलं होतं.
एका शब्दाशी आवाज खाली गेलाच.
"हळू का बोललीस?" तिनं विचारलं.
डोळ्यांत साबण गेला म्हणाले.
मग तोच शब्द पुन्हा, मोठ्यानं, नळ चालू असताना.
तिनंही म्हटला. शेजारच्या मोरीत कुणीतरी खाकरलं.
खाकरू दे.

वाढदिवसाचं गुपित चालेल, ते फुटतंच.
पण "आईला सांगू नको" म्हणालं कुणी
तर ते सगळ्यात आधी मला सांगायचं.
मी रागावले असेन तरी?
तरी.
मशीन चालू असेल तरी?
मशीन बंद करेन.

आणि मग तो रविवार.
मोठे दीर आले, सोबत जाऊबाई, चिक्कीचा पुडा.
"ये गं, काकाला पापी दे."
निशी चौरंगाआड. "नको. टाटा करते."
पंखा तेवढा ऐकू येत होता.
जाऊबाई माझ्याकडे बघतायत, हे माझ्याकडे,
आणि माझ्या तोंडात आलेलं ते वाक्य,
अगं, काका आहेत ना, दे की,
माझ्या आईचं, तिच्या आईचं,
लाळेनं ओलं झालेलं, सुईत ओवायला तयार.
दातांनी दोरा तोडतात तसं तोडलं.
म्हटलं, "टाटा पण छानच करते ती."

दीर हसले, जरा उशिरा.
वाईट माणूस नाही तो, मला माहीत आहे.
तिनं मात्र माणूस बघून वेगळं नको कुठून आणायचं,
पाच वर्षांची आहे.
चहा निम्मा राहिला कपात.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला.
त्यांच्या स्वरूपाचा गणवेश तयार आहे, इस्त्रीसकट,
हँगरला तसाच. न्यायला कुणी आलेलं नाही.
तिचं माप घेतानाही विचारलं होतं मी.
आधी समजलंच नाही तिला, काय विचारतेय.
दोनदा विचारावं लागलं.