गळती

पायाखालचं रबर उचललं तर खाली ओल.
फार नाही, तळहाताएवढी.
मी म्हटलं, बर्फाचं पाणी असेल.
आमच्या गाडीत दुसरं काय असणार?
रोज पहाटे साडेतीनला शिवडीच्या कारखान्यातून लाद्या,
वर भुसा, वर गोणपाट,
आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत मागे टपटप रेघ.

मुस्तकीम मिस्त्री हसला नाही.
दारुखान्यातल्या त्याच्या गॅरेजला दार नाही,
एक ताडपत्री, आणि कुठल्याशा तोडलेल्या जहाजाची शिडी.
म्हणाला, "बर्फ मागे, ओल पुढे.
पाणी काय चढ चढून आलं, भाभी?"

मग आडवा झाला. डोकं पेडलांखाली,
पाय बाहेर रस्त्यावर, एकाच पायात मोजा.
बोट बुडवलं. चोळलं. वास घेतला डोळे मिटून,
माझा सासरा पापलेटच्या कल्ल्याचा घ्यायचा, तसा.
"इंजिनचं नाही, काळं नाही.
गिअरचं नाही, त्याला सडक्या लसणाची घाण येते.
कूलंट गोड लागतं."
जिभेला लावून थुंकला. "हे कडू."
चहाच्या ग्लासात पाणी घेऊन बोट झटकलं.
थेंब तरंगला नाही, विरून गेला.
तेलासारखं बुळबुळीत, आणि पाण्याशी वैर नाही.

पण येतं कुठून, ते सांगेना.
पेडलांमागच्या पत्र्यावर त्याने पावडरचा डबा झटकला,
मोगऱ्याच्या वासाची, लहान पोरांना लावतात ती,
आणि म्हणाला, क्लच दाबत बसा.
बसले. पन्नास वेळा, साठ वेळा.
पलीकडे कोणी लोखंड कापत होतं.
पेडल दर वेळी जरा जास्त खोल.

पावडरीत एक रेघ उतरली.
क्लचच्या दांड्यापासून, वाकडी, सावकाश.

"वरचा सिलिंडर. आतलं रबर गेलंय.
आणि हे आजचं नाही." त्याने टॉर्च धरला.
रेघेच्या वाटेवर पांढरा रंग सोलून गेलेला,
खाली आधीच्या मालकाचा निळा,
त्याखाली नुसता पत्रा.
"ब्रेक ऑइल रंग खातं, पण सवडीने खातं.
दोन वर्षं तरी झाली. रोज कोणीतरी भरत असणार,
नाहीतर गाडी हललीच नसती.
डायवर कोण होता?"

पाष्टे.
अकरा वर्षं होता. एकोणीस दिवसांपूर्वी मी काढला.
सीटखाली क्वार्टरची बाटली सापडली म्हणून,
फडक्यात गुंडाळलेली, अर्धी, पिवळसर.
म्हणाला, वहिनी, ते गाडीचं आहे.
मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात.
त्याआधी दोनदा म्हणाला होता,
क्लचचं काम काढायला लागेल.
मी म्हटलं होतं, गणपतीनंतर बघू.

बाटली मी स्वतः गटारात ओतली,
हात लांब करून, तोंड फिरवून.
वास काही घेतला नाही.

किट साडेतीनशेचं. मजुरी वेगळी.
मिस्त्री जुनं रबर तळहातावर ठेवून दाखवतो,
नखाएवढं, एका बाजूने कड झिजलेली.
मी ते पर्समध्ये टाकते. कशाला, ते विचारू नका.

नव्या पोराला सांगितलंय, पहाटे वेळेवर ये.
पावडर पुसायची राहिली.
सगळ्या केबिनला मोगऱ्याचा वास,
आणि त्याच्याखाली, आता मला ओळखू येतो,
तो दुसरा.