दोसिंदाचा उजवा खांदा

पहिल्या दिवशी मी विचारलं,
शून्य ते दहामध्ये किती दुखतं?
तीन, ती म्हणाली,
आणि कोट काढायला तिला माझी मदत लागली.

हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि थांबायचा,
दार ढकलावं आणि आतून
कुणीतरी खुर्ची लावून ठेवलेली असावी, तसा.

एकोणचाळीस वर्षं दोसिंदा कार्रीलच्या खाडीत
ओहोटीच्या पाण्यात कमरेएवढी उभी राहून
दाताळ्यानं तिसऱ्या खरवडतेय.
ओढायचं, हलवायचं, पुन्हा ओढायचं.
मग पितळी मापातून एकेक बघायची,
लहान असेल ती पाण्यात परत.
खांद्याचं माप कुणी घेतलं नव्हतं.

तिला वाटलेलं, मी चोळून देईन,
कापराच्या वासाचं काहीतरी, आणि झालं.
मी हातात पिवळी रबरी पट्टी ठेवली.
तिनं ती उलटसुलट करून पाहिली,
मापात न बसलेल्या तिसरीकडे बघतात तशी.
कोपर कुशीला चिकटवून
मूठ बाहेर ओढायची. सावकाश.
पंधरा वेळा.
यासाठी तू पाच वर्षं शिकलास, ब्राइस?
हो, सेन्योरा. पाच.

नंतर भिंत. बोटांनी भिंतीवर चालत जायचं,
जिथं कळ येईल तिथं थांबून श्वास सोडायचा,
मी पेन्सिलीनं खूण करायचो आणि तारीख घालायचो.
माझ्या आईनं दाराच्या चौकटीवर
माझी उंची अशीच मोजली होती.
मार्चभर खुणा वर चढल्या.
तिनं आकडे सांगणं सोडून दिलं होतं,
भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बघून म्हणायची,
आज अर्धी ओहोटी.
आज खडक दिसतायत.
मी आपला कागदावर पाच लिहायचो, दोन लिहायचो.

एप्रिलमध्ये खूण चार बोटं खाली आली.
ती काही बोलली नाही.
तिच्या बुटांच्या शिवणीत ओली वाळू होती.

विश्रांती घ्या, हे म्हणायला माझं काय जातंय?
परवाना तिच्या नावावर, हप्ताही तिच्याच नावावर,
आणि चंद्र काही रजा मंजूर करत नाही.

म्हणून मंगळवारी पहाटे सव्वापाचला
मीच खाडीवर गेलो,
तिच्या मेहुण्याची रबरी विजार छातीपर्यंत चढवून.
बायका हसल्या. एर्मितास तर
बादलीचा आधार घेऊन हसली.
मी बघत राहिलो: ती सगळं ओझं
खांद्यानं ओढते, पाय पाण्यात नुसते रोवलेले.
दांडा खाली धरा, म्हटलं. मागचा पाय मागे टाका,
ओढू नका, अंगच मागे न्या.
दर दहा खेपांनी हात बदला.
तिनं दाताळं माझ्याकडे दिलं.
दाखव.

दाखवलं. वीस मिनिटं.
वाळू जड असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं.
तेराव्या की चौदाव्या खेपेला
अंगठ्याच्या बुडाशी ती जुनी सणक आली,
जी रोज संध्याकाळी येते,
सातवी-आठवी पाठ दाबून झाल्यावर,
आणि जिच्याबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही.
मी दांड्यावरची पकड बदलली.
मी इतरांचं दुखणं असंच ओळखतो:
ते पकड बदलतात.

दोसिंदानं माझा हात धरला.
तिची बोटं गार, खरखरीत, मिठानं फाटलेली.
अंगठा तिनं हळूच गोल फिरवला,
अगदी मी फिरवतो तसा,
आणि नेमका दुखऱ्या जागी थांबवला.
शून्य ते दहा? तिनं विचारलं.

पाणी गुडघ्यापाशी परत चढायला लागलं होतं.
लांब कुणीतरी बादल्या मोजत होतं.

तीन, मी म्हणालो.

हं, ती म्हणाली. माझेही तीनच होते.
आणि एप्रनच्या खिशातून
पिवळी पट्टी काढली.